बुर्सा: इस्तंबूलहून एका दिवसात उरकायचं की मुक्काम करायचा?

वाटाड्या_नाशिक
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात आई-बाबा आणि आम्ही दोघं तुर्कस्तानला निघालोय. टूरवाल्यांचा साचा ठरलेला: इस्तंबूल, कापाडोकिया, पामुक्काले आणि परत. बाबा मात्र बुर्सावर अडून बसलेत. त्यांचं म्हणणं, ऑटोमनांनी इस्तंबूल घेतलं १४५३ साली, पण त्यांचं राज्य नावारूपाला आलं ते बुर्सात. १३२६ साली ओरहाननं ते घेतलं आणि राजधानी केली. मग मूळ गाव सोडून नुसतं इस्तंबूल बघायचं म्हणजे काय?

एजंट म्हणतो, "काका, बुर्सा डे ट्रिप आहे. सकाळी बस, रोपवे, एक मशीद, कबाब, रात्री हॉटेलवर." माझं मत एजंटाच्या बाजूनं झुकतंय, कारण दिवस मोजके आहेत. जाऊन आलेल्यांनी खरं खरं सांगा. आईचे गुडघे दुखतात आणि ती पूर्ण शाकाहारी आहे, हे धरून सांगा.

कांदेपोहे
वाचतोय. खूण म्हणून प्रतिसाद.

ओवी_फ्रँकफर्ट
मुक्काम करा. डे ट्रिपवाले बस भरून आणतात. निम्मा वेळ रस्त्यात आणि निम्मा वेळ हलव्याच्या आणि चामड्याच्या दुकानांत जातो, कारण तिथं कमिशन असतं. आमच्या गाइडनं मोठ्या मशिदीला वीस मिनिटं दिली आणि दुकानाला तासभर. त्या सहलीत येशिल तुर्बे (एका सुलतानाच्या कबरीची इमारत) बसच्या काचेतून पाहिली. पुढच्या वर्षी आम्ही दोघंच परत गेलो आणि राहिलो.

इस्तंबूलहून मुदान्याला फेरी जाते, साधारण दोन तास. मार्मारा समुद्र ओलांडायचा, मुदान्याला उतरून बसनं बुर्सा. बसपेक्षा हे फार सुखाचं. फक्त वारा असला की फेऱ्या रद्द होतात, त्यामुळे विमानाच्या दिवशी हा जुगार खेळू नका.

चाकणकर
मी विरुद्ध मत मांडतो. कामानिमित्त तिथं बराच काळ राहिलोय. बुर्सा म्हणजे मोटारींचं गाव. फियाटची भागीदारी असलेला तोफाश आणि रेनोचा कारखाना, दोन्ही इथंच, दोन्हींतून गाड्या १९७१पासून बाहेर पडतायत. त्यांच्याभोवती सुट्या भागांचे शेकडो कारखाने. तीस लाखांच्या वर वस्तीचा प्रांत, संध्याकाळी ट्रॅफिक असा की चाकण चौकाची आठवण येऊन डोळे पाणावतात. जुन्या गावाच्या मधोमध दोआनबे भागात सरकारी घरबांधणीचे उंच टॉवर उभे केलेत. तोफाने टेकडीवरून खाली बघितलं की घुमट आणि मिनारांच्या मध्ये ते डोळ्यांत घुसतात. खुद्द तिथले लोक शिव्या घालतात त्यांना.

'हिरवं बुर्सा' ही ख्याती आता अर्धी गोष्टीतच उरलीय. दिवस मोजके असतील तर एफेसस करा, बुर्सा सोडा.

बखरवाला
चाकणकर, टॉवरांबद्दल सहमत, निष्कर्षाबद्दल नाही. एफेसस हे मेलेलं शहर आहे, सुंदर पण मेलेलं. बुर्सात तीच मशीद, तेच हमाम, तोच बाजार सहाशे वर्षं वापरात आहे. हा फरक लहान नाही.

थोडं मागे जाऊ. बिथिनियाचा राजा प्रुसियास याच्या नावावरून हे 'प्रुसा'. रोमचा कट्टर शत्रू हॅनिबल पळत पळत याच राजाच्या आश्रयाला आला होता आणि शहर हॅनिबलनंच वसवलं असं थोरल्या प्लिनीनं, म्हणजे रोमन लेखकानं, लिहून ठेवलंय. खरी मजा धाकट्या प्लिनीच्या पत्रात आहे. तो या प्रांताचा कारभारी होता. त्यानं सम्राट ट्राजानला लिहिलं की प्रुसाचं स्नानगृह जुनाट झालंय, नवीन बांधायला परवानगी असावी. ट्राजानचं उत्तर: शहराच्या तिजोरीवर ताण येणार नसेल आणि नवा कर बसणार नसेल तर बांधा.

पुढे बायझंटाईन, मग ओरहान. ऑटोमनांनी शहर कसं वाढवलं ते बघण्यासारखं आहे. किल्ल्याच्या तटाबाहेर सुरुवातीच्या सुलतानांनी एकेक 'कुलिये' उभारली: मशीद, मदरसा, हमाम, गरिबांना जेवण देणारं इमारेत आणि शेवटी बहुतेकांची स्वतःची कबर. हे चालवायला पैसा कुठून? बाजारातल्या हानांचं, म्हणजे व्यापाऱ्यांच्या सरायांचं, भाडं आणि आसपासच्या गावांचा वसूल त्या वक्फला लावून दिलेला. प्रत्येक कुलियेभोवती एक मोहल्ला वाढला, आणि मोहल्ले जोडत गेले की झालं शहर. युनेस्कोनं २०१४ साली बुर्सा आणि जवळचं जुमालीकझिक गाव यांना एकत्र यादीत घेतलं ते यासाठीच. गाव हे त्या व्यवस्थेचं दुसरं टोक.

शेरेबहाद्दर
दोन हजार वर्षांपूर्वीही नगरपालिकेची फाईल वर मंजुरीला जायची आणि "निधी स्वतः उभारा" असा शेरा मारून परत यायची. वाचून बरं वाटलं.

सुमाताई
शाकाहाराचं मी सांगते, कारण या विषयावर पुरुषमंडळी "काहीतरी मिळतंच" म्हणून मोकळी होतात.

मसूर डाळीचं सूप सगळीकडे मिळतं, पण कित्येकदा ते मटणाच्या पाण्यात करतात. "एत सुयू वार मी?" असं विचारायचं, म्हणजे मटणाचं पाणी आहे का. चीज घातलेली पिदे, म्हणजे भट्टीत भाजलेली जाडसर रोटी, मिळते. बुर्साची खास जांतिक नावाची छोटी पिदे असते, तीही चीजची मागायची. 'ताहिनली' म्हणून तिळाच्या लगद्याची गोड पोळीसारखी भाजलेली वस्तू बेकरीत सकाळी गरम मिळते, ती आईंना नक्की आवडेल. न्याहारीला जैतून, तेही शेजारच्या गेमलिकचे काळे, काकडी, टोमॅटो, पांढरं चीज, मध. आमचे यजमान रोज दुपारी तक्रार करायचे आणि रोज सकाळी दोन वेळा ताट भरून आणायचे.

गोडात पाकातले चेस्टनट, 'केस्ताने शेकेरी'. आणि केमालपाशा नावाची मिठाई म्हणजे गुलाबजामचा चुलतभाऊ, चीज घालून केलेला, वर मलई.

हडपसरी
आणि इस्कंदर कबाबचं नावही नाही? ताई, हा अन्याय आहे. एकोणिसाव्या शतकात बुर्सातल्या इस्कंदर एफेंदींनी सुरू केलेला प्रकार. खाली पिदेचे तुकडे, वर उभ्या सळईवर भाजलेल्या मटणाचे पातळ काप, टोमॅटोचा सॉस, कडेला घट्ट दही. ताट समोर आलं की वाढपी तव्यातलं कडकडीत लोणी आणून वरून ओततो. चर्र असा आवाज येतो. त्या क्षणी मी आमच्या डॉक्टरांना मनातल्या मनात सोडचिठ्ठी दिली.

सुमाताई
हडपसरी, प्रश्न आईंसाठी होता. तुमच्या डॉक्टरांसाठी वेगळा धागा काढा.

तुतीवाला_जालना
मी कोझा हानसाठी मुक्कामाच्या बाजूनं. आमच्याकडे घरची तुतीची शेती आहे, कोष काढतो. आधी रामनगरला माल घेऊन जायचो, जालन्यात बाजार सुरू झाल्यापासून इथंच देतो. त्यामुळे 'कोझा' म्हणजे कोष, आणि कोषांचा बाजार भरायचा म्हणून हे नाव, हे कळल्यावर गप्प बसवेना.

१४९१ साली दुसऱ्या बायझिदनं हा हान बांधला, इस्तंबूलमधल्या आपल्या कुलियेला उत्पन्न असावं म्हणून. चौकोनी दुमजली इमारत. मधल्या अंगणात खांबांवर उचललेली चिमुकली मशीद आणि तिच्या पोटाखाली कारंजं. अंगणात झाडांच्या सावलीत चहाची टेबलं. वरच्या मजल्यावर रेशमी रुमाल-स्कार्फची दुकानं.

तिथं मी दुकानदाराला विचारलं, खरं रेशीम कशावरून? त्यानं स्कार्फच्या कडेचा एक धागा उपटला, लायटरनं पेटवला आणि नाकाशी धरला. केस जळल्याचा वास. राख बोटात चुरली की भुगा होते. मग शेजारच्या ढिगातल्या स्वस्त स्कार्फचा धागा जाळला. तो वितळून काळा मणी झाला, प्लास्टिकचा वास. "हे दोन्ही विकतो, पण भाव वेगळा सांगतो," म्हणाला. मी त्याला मोबाईलवर आमच्या शेडमधल्या चंद्रिकांचे, म्हणजे अळ्या कोष विणतात त्या जाळ्यांचे, फोटो दाखवले. त्यानं आजूबाजूचे सगळे दुकानदार गोळा केले. त्यातल्या एका म्हाताऱ्या काकांनी खुणेनं विचारलं, कोष कानाशी हलवून बघता का? म्हटलं हो, आत किडा वाजला पाहिजे. काका एवढे खूश झाले की चहाचे पैसे घेईनात.

आता तिथं कोषांची पैदास फारच थोडी उरलीय. एका चांगल्या कोषातून हजार मीटरच्या आसपास धागा निघतो, पण तुती तोडायला आणि दिवसातून अनेकदा पाला घालायला माणूस लागतो. मोटारीच्या कारखान्यात पगार मिळत असेल तर कोण करील? चाकणकरांनी सांगितलेलं आणि मी सांगतोय ते एकच आहे.

चाकणकर
हे मात्र खरं. माझ्या लाइनवरच्या एका सुपरवायझरची आजी घरात अळ्या पाळायची. नातू रोबोट चालवतो.

बखरवाला
तुतीवाला, उत्तम प्रतिसाद. त्यात एक भर. सुरुवातीला बुर्साचं रेशीम बुर्साचं नव्हतंच. इराणच्या गीलान, माझंदरानमधून कच्चं रेशीम तबरीझमार्गे इथं यायचं आणि जिनोआ, फ्लॉरेन्सचे व्यापारी ते घ्यायला बसलेले असायचे. स्थानिक पैदास नंतर वाढली.

आणि आता आपल्या लोकांसाठी खास. तुर्की इतिहासकार हलील इनालजिक यांनी बुर्साच्या काझीची जुनी दफ्तरं तपासली. त्यात पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातून कापड घेऊन आलेल्या गुमास्त्यांची नोंद आहे. कुणाचे गुमास्ते? बहमनी वजीर महमूद गावान याचे! तोच ज्यानं बिदरचा मदरसा बांधला, विशाळगडासाठी सह्याद्रीत झुंजला आणि १४७२मध्ये गोवा घेतला. बहमनींचं मोठं बंदर दाभोळ. तो स्वतः मूळचा गीलानचा, म्हणजे रेशमाच्या मुलखातला, त्यामुळे बुर्साचा भाव त्याला ठाऊक असणारच. १४८१ साली खोट्या पत्राच्या आधारे सुलतानानं त्याला मारवलं.

फक्त हे लोक कोझा हानमध्ये उतरले असतील असं कुणी लिहू नका, तो दहा वर्षांनी बांधला. त्याच्याजवळ ओरहानच्या काळातला एमिर हान आहे, तो तेव्हा होता. तिथंही चहा मिळतो.

शेरेबहाद्दर
दख्खनचं कापड बुर्सात, आणि आता आपण बुर्साचे टॉवेल ऑनलाइन मागवतो. हिशोब चुकता.

दापोलीची_पोर
दाभोळ वाचून अंगावर काटा आला! आमच्या गावाहून तासाभराचा रस्ता. शाळेतून सहलीला गेलो तेव्हा मशीद दाखवली आणि "डबे उघडा" म्हणाले, एवढाच इतिहास पदरी पडला.

कांदेपोहे
मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूताही बुर्साला गेला होता ना?

बखरवाला
हो, १३३०च्या दशकात, म्हणजे शहर ऑटोमनांकडे येऊन फार वर्षं झाली नव्हती. बाजार, रुंद रस्ते आणि गरम पाण्याचे झरे यांचं वर्णन करतो. ओरहानला भेटला. या राजाकडे शंभरेक किल्ले आहेत आणि तो एका जागी महिनाभरही थांबत नाही, सतत किल्ल्यांवर फिरत असतो, असं लिहिलंय. पुढे इब्न बतूता दिल्लीला महंमद तुघलकाच्या नोकरीत होता आणि दौलताबादेलाही येऊन गेला.

ओवी_फ्रँकफर्ट
थोडं इमारतींबद्दल, नाहीतर धागा दाभोळला जाऊन स्थिरावेल.

उलू जामी म्हणजे मोठी मशीद. पहिल्या बायझिदनं १३९६च्या निकोपोलिसच्या विजयानंतर बांधायला घेतली. लढाई जिंकलो तर वीस मशिदी बांधीन असा नवस बोलला होता आणि शेवटी वीस घुमटांची एकच बांधली, असं सांगतात. आत शिरल्यावर पहिला धक्का म्हणजे मधोमध कारंजं. वरचा घुमट पूर्वी उघडा होता, आता काच आहे. प्रकाश थेट पाण्यावर पडतो, लोक तिथंच वुजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुणं, करतात, मुलं पाण्यात हात घालून ओरडा खातात. भिंतींवर आणि खांबांवर प्रचंड आकाराची काळी अक्षरं. मला अरबी येत नाही तरी एकेक अक्षर बघत अर्धा तास गेला.

गुगळेसाहेब
त्या मशिदीतल्या लाकडी मिंबरवर (प्रवचनाच्या व्यासपीठावर) सूर्यमाला कोरलेली आहे, ग्रहांच्या अंतरासकट! १४०० साली! पाश्चात्त्यांना दुर्बीण मिळण्याआधी!

बखरवाला
मिंबर अप्रतिम आहे. अक्रोडाच्या लाकडाचे लहान तुकडे खिळ्याशिवाय एकमेकांत बसवून केलेलं काम. सूर्यमाला मात्र नंतर कुणीतरी चिकटवलेली. भौमितिक नक्षीत उंचवटे आहेत, मोजायला बसलं की ग्रह सापडतात.

शेरेबहाद्दर
व्हॉट्सअ‍ॅप विद्यापीठाची बुर्सा शाखा.

गुगळेसाहेब
प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

ओवी_फ्रँकफर्ट
येशिल तुर्बेबद्दल राहिलं. बायझिदला १४०२मध्ये अंकाराजवळ तैमूरनं पकडलं, बुर्सा लुटलं आणि मग त्याची मुलं दहा-अकरा वर्षं आपसांत लढली. त्यातून पहिला मेहमेद वर आला, त्यानं मोडलेलं राज्य पुन्हा जोडलं. ही १४२१ची कबर त्याची. 'येशिल' म्हणजे हिरवी, आणि दिसते निळसर फिरोजा. बाहेरच्या बहुतेक फरशा १८५५च्या भूकंपानंतर नव्यानं बसवलेल्या आहेत. जुनं काम आत आहे: मिहराब (मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा) आणि खुद्द सुलतानाची थडगी. समोरच्या येशिल जामीत तबरीझच्या कारागिरांनी स्वतःची सही ठेवलीय. आईंसाठी: तुर्बेला चढ आहे, टॅक्सी थेट दारापर्यंत जाते.

सुमाताई
आणि मुरादिये चुकवू नका. बारा तुर्बे असलेली बाग आहे, सपाट, बाकं आहेत. दुसरा मुराद तिथं आहे, इस्तंबूल घेणाऱ्या मेहमेदचा वडील. माझ्या कबरीवर पाऊस पडू दे, असं त्यानं मृत्युपत्रात लिहिलं होतं म्हणून घुमटाला वर भोक ठेवलंय आणि कबर नुसत्या मातीची. संगमरवराच्या चौकटीत माती, तीवर गवत उगवलेलं. आजूबाजूच्या तुर्बेंमध्ये भरजरी फरशा आणि सुलतान मात्र मातीत.

तुर्की मालिका बघणाऱ्या बायकांसाठी: शहजादा मुस्तफा इथंच आहे, बापानंच, सुलतान सुलेमाननं, १५५३मध्ये मारवलेला. माझ्या शेजारी एक तुर्की बाई रुमालानं डोळे पुसत होती. मीही पुसले. यजमान बाहेर बाकावर जैतून खात होते.

हडपसरी
रोपवेबद्दल कुणी बोलेना. उलुदाग २५४३ मीटर, पूर्वीचा 'मिसियातला ऑलिंपस'. पहिला रोपवे १९६३चा, आताचा २०१४ला नव्यानं बांधलेला, जवळजवळ नऊ किलोमीटर. वारा सुटला की बंद. आम्ही वर पोचलो आणि ढगात काही दिसेना, तिथंही लोक स्वतः मांस भाजून खात होते. मीही खाल्लं. जाताना रस्त्यानं गेलात तर इंकायाचा सहाशे वर्षांचा चिनार बघा, एका फांदीखाली अख्खं चहाचं दुकान मावतं.

दापोलीची_पोर
जुमालीकझिकला आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. शनिवार-रविवारी इस्तंबूलची सगळी गर्दी न्याहारीला येते. घरं दगड-लाकूड-मातीची, निळ्या-पिवळ्या रंगांची, वरचा मजला गल्लीवर झुकलेला. गल्ल्या गोट्यांच्या, मधून पाण्याचा ओहोळ जातो. काकूंच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही, खालच्या चौकातच एखाद्या अंगणात बसवा. तिथल्या बायका स्वतः केलेले जॅम विकतात, रास्पबेरीचा घ्या.

चाकणकर
मी सोडा म्हणालो होतो, पण एवढं ऐकल्यावर बदल सुचवतो. मुक्काम करणार असाल तर चेकिर्गेला करा, गावाच्या मध्यात नको. गरम पाण्याचे झरे तिथं आहेत. एस्की काप्लिजा म्हणजे पहिल्या मुरादच्या वेळचं हमाम, बायका-पुरुषांचे विभाग वेगळे, छत घुमटाचं. गुडघ्यांना तेच औषध. आधी रक्तदाबाचं विचारून घ्या, पाणी खरोखर गरम असतं. आठवडाभर पाठ धरली की मी रविवारी जायचो. टॉवर तिथून दिसत नाहीत.

वाटाड्या_नाशिक
बापरे, केवढं लिहिलंत! बाबांनी सगळा धागा चष्मा लावून वाचला, गावानच्या प्रतिसादाची प्रिंट काढायला लावली. एजंटला नाही म्हणून सांगितलं. दोन रात्री चेकिर्गे. पामुक्काले कापलं, कारण आईला "ते पांढरे दगड" बघायचेच नव्हते, हे आत्ता कळलं.

एकच शंका. बाबांना इझनिकही हवंय, ३२५ सालची ती ख्रिस्ती परिषद भरली ते गाव. बुर्साहून अर्ध्या दिवसात होईल?

बखरवाला
होईल, ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे, बुर्साहून बस जाते. तटाचे रोमन दरवाजे, गावातली आयासोफिया (मूळचं जुनं चर्च), फरशांच्या कार्यशाळा. पण त्या दिवशी मुरादिये ठेवू नका, घाई होईल.

सुमाताई
आणि इझनिकला सरोवराकाठी मासे सोडून फारसं काही मिळत नाही. बुर्साहून ताहिनली बांधून न्या.